बेडकाच्या डोळ्याची शीर

काचबिंदूने शीर सुकवून बाबांचा उजवा डोळा नेला. निदान डावा तरी वाचावा म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले. सुट्टीला दोडामार्गला आले आणि बघते तर काय, बाबा ते थेंब रोज उजव्यातच घालतायत! माझं डोकंच फिरलं.

"अगो, सुकलल्या कलमाक पाणी घालतत. हिरव्याक कित्याक?"

बाबांचं, म्हणजे दत्तारामांचं, सगळं आयुष्य काजूची कलमं बांधण्यात गेलेलं. अशा माणसापुढे कपाळाला हात लावण्याखेरीज काय करणार? मी कोल्हापूरला बेडकांच्या दृष्टीवर संशोधन करते. घरात मात्र माझं कोणी ऐकत नाही.

दिवेलागणीला पडवीत एक बेडूक आला. दिव्याखाली पतंगांसारखी चिमुकली पाखरं मरून पडली होती आणि हा मध्ये उपाशी बसलेला.

"ह्यो खायत कित्याक नाय?" बाबांनी विचारलं.

"तेका ती दिसनतच नाय, बाबा. हलता ता दिसता."

मी झाडूच्या हिराने एक पाखरू ढकललं. बेडकाची जीभ कधी आली, कधी गेली, कळलंसुद्धा नाही. बाबा खदखदून हसले आणि हीर माझ्या हातातून काढूनच घेतला.

मग मी त्यांना सांगितलं. बेडकाच्या डोळ्याची शीर तोडली तरी पुन्हा वाढते. तिच्यातले असंख्य धागे पलीकडच्या बाजूच्या मेंदूत शिरतात आणि प्रत्येक धागा आपली मूळ जागा हुडकून काढतो. एका प्रयोगात शीर तोडून डोळाच उलटा फिरवला होता. तरी धागे जुन्याच जागी गेले. तो बेडूक वर माशी दिसली की खाली झडप घालायचा.

"कोण दाखयता गो तेंका वाट?" बाबांचा आवाज एकदम हळू झाला.

रसायनांच्या खुणा असतात, मी म्हटलं. म्हणताना माझ्याच अंगावर काटा आला. इतकं शिकून मला त्याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

"आणि माजी शीर?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाय बाबा. माणसाची एकदा गेली काय गेली."

मग त्यांनी बेडकाला चक्क हात जोडले. "देवान तुका बरा दिल्यान रे," म्हणाले.

थेंबांची बाटली माझ्या हातात देऊन त्यांनी मान मागे टाकली, डाव्या डोळ्याची पापणी बोटाने ओढून धरली. मी थेंब सोडणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट पकडलं.

"वायच थांब गो. आदी तुका नीट बघून घेतंय."