उत्तर की दक्षिण

सूर्यावर नजर ठेवायचा मला पगार मिळतो. ऐकणाऱ्याला हसू येतं. छोट्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, माझी ओळख करून देताना म्हणतो, "ही आमची ताई. सूर्य पळून जाऊ नये म्हणून बसते." खरं सांगायचं तर पळून जाणारा सूर्य परवडला असता. हा जागेवर बसून उच्छाद मांडतो.

तो आगीचा गोळा आहे ही समजूत आधी सोडा. तिथे जळत काहीच नाही. नुसता वायू, पण इतका तापलेला की त्यातले अणूसुद्धा फुटलेले. शिवाय तो सगळीकडे सारखा फिरत नाही. मधला पट्टा भरभर, टोकं रेंगाळत. त्यामुळे त्याच्या चुंबकरेषांना पीळ पडतो. पिळाच्या गाठी वर आल्या की काळे डाग दिसतात, आणि एखादी गाठ तुटली की वायूचा अख्खा ढग अवकाशात भिरकावला जातो. परवा असाच एक आमच्या दिशेने सुटला.

हा ढग स्वतःचं चुंबकत्व बरोबर घेऊन येतो. त्याची दिशा उत्तरेची असेल तर तो पृथ्वीला घासून निघून जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. दक्षिणेची असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला खिंडार पडतं, विजेच्या लांब तारांमध्ये जमिनीतून नको तो प्रवाह शिरतो आणि ट्रान्सफॉर्मर भाजून निघतात; वेळेत वीज तोडून ठेवली तरच ते वाचतात. मेख अशी, की दिशा कोणती हे ढग आमच्या उपग्रहावर आदळेपर्यंत कळत नाही, आणि तिथून पृथ्वी जेमतेम अर्ध्या तासावर.

आमच्या भागाचा मोठा ट्रान्सफॉर्मर जुनाट आहे. तो जळाला तर नवा यायला वर्ष जाईल, आणि दवाखाने, पाण्याचे पंप, सगळं त्याच्यावर चालतं. आमचं घरही. घरात बाबा, आणि त्यांच्या नाकात ऑक्सिजनच्या मशीनची नळी.

परवाच मी छोट्याला सिलिंडर आणायला पिटाळलं. दुकानात एकच, तोही लहान उरला होता. "दवाखान्यात जाऊन राहा ना दोन दिवस," मी बाबांना म्हटलं. "तुझा सूर्य मागच्या वेळीही येणार होता," ते म्हणाले. मागच्या वेळी दिशा उत्तरेची निघाली होती आणि माझं चांगलंच हसं झालं होतं. शेवटी त्यांचाच हट्ट चालला.

आज कामावर जेवण आटोपून बसले आणि उपग्रहाकडून येणारी दिशेची रेघ पडद्यावर खाली कोसळली. दक्षिण. वीजकेंद्राचे साहेब फोनवर होतेच.

"बाई, गोल गोल बोलू नका. बंद करू की नको?"

"करा," मी म्हणाले.

आमच्या इमारतीत जनरेटर असल्यामुळे पडदा चालू राहिला, आणि त्यावर मी आता पृथ्वीलगतच्या उपग्रहाची रेघ आणली. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, वारासुद्धा नव्हता. मी दुसऱ्या फोनवरून घर गाठलं.

"सिलिंडर लावलाय, ताई. अँब्युलन्स बोलावलीय, पण सिग्नल बंद पडलेत, चौकात सगळं तुंबलंय म्हणे."

सिग्नल मीच बंद पाडले होते.

"काटा कुठंय?"

"लाल रंगाच्या जवळ. बाबांना दम लागलाय. किती वेळ गं अजून?"

रेघ थोडी वर आली, शून्याला टेकली. मी जीव मुठीत धरून बघत होते.

"थांबलं का? वीज सोडू?" साहेबांनी विचारलं.

हो म्हणायला कुणाची हरकत होती? उद्या ट्रान्सफॉर्मर जळालाच असता तरी दोष सूर्याच्या माथी मारता आला असता. पण ढग अजून सरला नव्हता, मागचा भाग पुढच्यापेक्षा दाट होता, आणि रेघ पुन्हा खाली झुकायला लागली होती.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

दुसरा फोन माझ्या हातातच होता. छोट्याने ते ऐकलं.

"ताई, तू नाही म्हणालीस?"

"छोट्या, ऐक..."

"हो म्हण ना गं. पाया पडतो तुझ्या."

मग त्याने फोन बाबांच्या उशीवर ठेवला असावा, कारण मला बाबांचा श्वास ऐकू यायला लागला. वर ओढलेला, मग अडकलेला, मग पुन्हा ओढलेला. मला सूर्याचा इतका राग आला की उठून खिडकी फोडावीशी वाटली. रेघ खोल गेली, तशीच राहिली. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मी रडत होते आणि रेघेवरून नजर हलवू शकत नव्हते.

मग ती एकदम वर उसळली आणि वरच राहिली. ढगाचं शेपूट पुढे सरकलं होतं. उत्तर.

"सोडा!" मी ओरडले. "साहेब, सोडा, लगेच सोडा!"

बराच वेळ गेला. मग फोनमधून मशीनची ओळखीची घरघर आली.

"छोट्या! आली ना वीज?"

"आली."

"मग नळी लाव की!"

"लावली होती," तो म्हणाला. "ताई, आता मशीन बंद करू का?"

मला समजायला वेळ लागला नाही. समोर रेघ सरळ चालली होती.

"नको," मी म्हणाले. "मी येईपर्यंत चालू राहू दे."