वहीतली अकरा मतं

आमदार होण्याआधी तो एकवीस वर्षं बसवर कंडक्टर होता. आमदार होऊन सात वर्षं उलटली तरी गावात त्याला कोणी आमदार म्हणत नसे, सगळे कंडक्टरच म्हणत. त्याची त्याला हरकत नव्हती. हरकत होती ती त्याच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, आणि रागाच्या भरात तीही त्याला कंडक्टरच म्हणायची.

तो कुठल्या पक्षाचा नव्हता. पहिल्या निवडणुकीत, ती पोटनिवडणूक होती, त्याने एकच वचन दिलं होतं: सभागृहात जे जे मत देईन ते कारणासकट लिहून ऑफिसच्या दारात टांगीन, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. वचन द्यायला याचं काय जातं? लिहायचं कोणी? अर्थात आक्काने. ती शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती, नुकतीच निवृत्त झाली होती आणि तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. अधिवेशन चालू असलं की रोज संध्याकाळी सहाला त्याचा फोन यायचा. आज कशाला हो म्हटलं, कशाला नाही, आणि का. आक्का शाईच्या पेनाने वहीत उतरवून घ्यायची. कारण पटलं नाही तर ती पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, "हे मी नाही लिहिणार. नीट सांग."

वही जाड सुतळीने दाराला बांधलेली असे. सात वर्षांत लोकांनी सुतळी किती मजबूत आहे ते अनेकदा ओढून पाहिलं, वही वाचणारे मात्र फार थोडे निघाले. पण वही आहे, एवढ्यावर गाव खूश होतं. "वहीत आहे" म्हटलं की वाद मिटायचा.

निवडणूक दोन महिन्यांवर आली आणि गावच्या साप्ताहिकाच्या संपादकबाईंनी ती वही खरंच वाचली. नुसती वाचली नाही, सभागृहाच्या सरकारी नोंदीशी ओळीओळीने ताडून पाहिली. सहा वर्षांची नोंद जुळली. सातव्या वर्षी अकरा मतं जुळेनात. वहीत हो, तर नोंदीत नाही. वहीत नाही, तर नोंदीत हो. बाईंनी दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापले आणि वर मथळा दिला: 'कंडक्टर, खरं तिकीट कोणतं?'

गावात हसू पिकलं. आक्काला मात्र रडू यायचं बाकी होतं. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर रोज सकाळी ऑफिसवरून जाताना तिला हात करायच्या, त्या आता तोंड फिरवून जाऊ लागल्या. बरोबरच होतं. दवाखान्यांतून सिस्टरांसाठी विश्रांतीची खोली असावी, या ठरावाला कंडक्टरने नाही म्हटलं, असं सरकारी नोंद सांगत होती. वहीत मात्र ठसठशीत 'हो' होतं, खाली कारण होतं: 'बारा तास उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे.' ते वाक्य लिहिताना आक्काचा ऊर भरून आला होता. आता तेच वाक्य वाचून लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते.

संध्याकाळी सहाला फोन आला. अधिवेशनाचा शेवटचा आठवडा चालू होता.

"तू मला खोटं सांगत होतास?" आक्काने सरळच विचारलं.

"अगं, काहीतरीच काय! मी स्वतः बटण दाबलंय."

"मग नोंद खोटी?"

"मला काय माहीत? शपथ घेऊन सांगतो आक्का..."

"शपथ नको. मी उद्या येते."

तिने फोन ठेवला. लोक हसले त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. पण धाकट्या भावाने वर्षभर फोन करून आपल्याकडून खोटं लिहून घेतलं असेल, तर पुन्हा पेन हातात धरायचं कशाला, एवढाच प्रश्न तिला पोखरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसली. खाली अर्धवर्तुळात बाकं, प्रत्येक बाकावर नावाची पितळी पट्टी, पट्टीखाली हिरवं आणि लाल अशी दोन बटणं. पूर्वी नावं पुकारून मतं घेत. ही यंत्रं याच वर्षी बसवली होती. अपक्षांची रांग सगळ्यांत मागे, गॅलरीच्या बरोबर खाली. आक्काने चष्मा पुसला आणि भावाचं टक्कल शोधून काढलं. ते तिला कुठूनही ओळखता आलं असतं.

मग तिने पट्टी वाचली. भावाच्या पुढ्यातली पट्टी भावाची नव्हती! त्याची पट्टी शेजारच्या, कडेच्या बाकावर होती आणि तिथे एक पांढऱ्या केसांचे ताठ गृहस्थ कानाला हात लावून बसले होते. त्यांच्या डोक्यावरच भिंतीला लाऊडस्पीकर होता.

तेवढ्यात घंटा वाजली, मतदान सुरू झालं. भावाने शेजाऱ्याच्या पट्टीखालचं हिरवं बटण दाबलं. शेजाऱ्याने भावाच्या पट्टीखालचं लाल.

आक्का इतक्या मोठ्याने हसली की रखवालदार धावत आला. "बाई, इथे हसायला मनाई आहे."

"मनाई खाली बसलेल्यांना करा," ती म्हणाली आणि डोळे पुसत जिना उतरली.

बाहेरच्या व्हरांड्यात कंडक्टरने कबुली दिली, पण यात कबूल करण्यासारखं काय आहे हेच त्याला कळत नव्हतं. शेजारचे मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. एका कानाने अजिबात ऐकू येत नाही, दुसऱ्याने बेताचंच. कडेच्या जागेवर लाऊडस्पीकर जवळ, म्हणून वर्षाच्या पहिल्याच दिवशी याने उठून आपली जागा त्यांना दिली.

"म्हातारा माणूस शेजारी अवघडून बसलाय, आणि मी काय जागा धरून बसू? एकवीस वर्षं लोकांना उठवलंय मी जागेवरून!"

"आणि बटण?"

"समोर होतं ते दाबलं."

"अरे गाढवा, मत माणसाचं नसतं तिथे, बाकाचं असतं!"

कंडक्टरचा चेहरा असा पडला की आक्काला पुन्हा हसू फुटलं. दोन दिवसांपासून छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून नेला होता. भाऊ बावळट होता, पण खोटारडा नव्हता. बावळटपणाची तिला लहानपणापासून सवय होती.

नोंदणी शाखेतल्या कारकुनाने सगळं ऐकलं आणि पेन्सिल कानामागे खोचली. दोघांचं मत सारखं होतं तिथे फरक पडलेला नाही, वेगळं होतं तिथेच उलटं झालंय. एकाचं हो गेलं, दुसऱ्याचं आलं. बेरीज तीच, त्यामुळे कुठलाही निर्णय बदलत नाही. नोंद मात्र दुरुस्त होईल, दोन्ही सदस्यांनी एकाच अर्जावर सही केली तर. सोमवारी नोंदीचा ग्रंथ छापायला जाणार, त्याआधी.

"आणि अर्ज सगळ्या मतांचा," कारकून म्हणाला. "निवडून निवडून दुरुस्ती होत नाही."

मास्तर कॅन्टीनमध्ये चहा घेत होते. आक्का चुकून त्यांच्या बंद कानाच्या बाजूला बसली आणि पाच मिनिटं एकटीच बोलत राहिली. मग टेबलाला वळसा घालून पहिल्यापासून सगळं सांगितलं, तेव्हा अख्ख्या कॅन्टीनला ते ऐकू गेलं.

मास्तरांनी कप बशीत ठेवला. "म्हणजे सिस्टरांच्या खोलीला माझ्या नावावर हो लागलं?"

"हो. आणि तुमचं 'नाही' याच्या नावावर."

"त्यांनी माझा सत्कार केला, बाई. मानचिन्ह दिलं. मी भाषणसुद्धा केलं. मला वाटलं, माझं एकूण काम बघून देताहेत." त्यांनी कप दूर सारला. "वीस वर्षांत लोकांची पत्रं आली ती तक्रारींची. धन्यवादाची पहिल्यांदाच आली. माझीही निवडणूक आहे. मला विचार करू द्या."

आक्काने अर्ज आणि साप्ताहिकाचा अंक त्यांच्यापुढे ठेवला, रविवारी सकाळी आमच्याकडे सभा आहे एवढं सांगितलं आणि उठली. तिला मास्तरांचा राग आला नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने तिकिटाची सुरळी केली, उलगडली. मग हळूच म्हणाला, "आक्का, मास्तरांनी सही नाही केली तर एका परीने बरंच, नाही का? ते वाचनालयाचं..."

वाचनालयाचं आक्काला आठवत होतं. छोटी वाचनालयं बंद करावीत या प्रस्तावाला याने हो म्हटलं होतं. त्या पैशातून संध्याकाळची बस वाचेल, हे कारण. त्या दिवशी आक्काने तीनदा पेन खाली ठेवलं होतं. प्रस्ताव थोडक्यात पडला आणि गावचं वाचनालय वाचलं. आता सरकारी नोंद सांगत होती की कंडक्टरने विरोध केला, म्हणून गावातले वाचक बाकी दहा मतं विसरून त्याला डोक्यावर घेत होते.

आक्काने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं बाई," तो म्हणाला. "अकराच्या अकरा."

रविवारी गावच्या वाचनालयाचाच हॉल मिळाला होता, कोपऱ्यात भाड्याचा लाऊडस्पीकर लावला होता. खुर्च्या भरल्या, मागे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. पहिल्या रांगेत संपादकबाई वही-पेन घेऊन, त्यांच्याशेजारी मोठ्या सिस्टर हाताची घडी घालून. मास्तरांचा निरोप नव्हता. आक्काने दारातली सुतळी कापून वही आणली होती. सात वर्षांत पहिल्यांदाच.

कंडक्टरने पहिलं वाचलं ते वाचनालयाचं मत. "मी बंद करा म्हटलं होतं," तो म्हणाला. "चुकलो. आज ज्या छपराखाली उभा आहे ते माझ्यामुळे नाही, माझ्या विरोधात वाचलंय." हॉलमध्ये गलका झाला. कोणीतरी ओरडलं, "कंडक्टर, खाली उतर!" ग्रंथपालबाई त्याच्याकडे अशा बघू लागल्या, जणू त्याने पुस्तकाची पानं फाडली होती. मग त्याने सिस्टरांच्या खोलीचं मत वाचलं आणि जागेची अदलाबदल सांगितली.

आता हशा पिकला, आणि तो चांगला नव्हता.

"नको ते मत दुसऱ्याच्या बाकावर! सोय आहे बुवा," मागून आवाज आला.

संपादकबाईंनी पेन उचललं. "पुरावा?"

कंडक्टरने आक्काकडे पाहिलं. आक्काने वहीवर हात ठेवला. आपल्या अक्षराखेरीज आपल्याकडे काही नाही, हे तिला कळत होतं, आणि ते अक्षर आज कोणी मानणार नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. बसमधून उतरलेले मास्तर, ताठ, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, खुर्च्यांमधून वाट काढत येत होते. बसायला जागा कुठेच नव्हती. कंडक्टर सवयीने टुणकन उठला आणि व्यासपीठावरची आपली खुर्ची पुढे केली.

"नको!" मास्तर गरजले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या हॉलला ऐकू गेला. "तुझ्या जागेवर एकदा बसलो, तेवढं पुरे झालं."

हॉल खदखदून हसला. हे हसू वेगळं होतं.

मास्तर उभ्यानेच बोलले. "सिस्टरांच्या खोलीला मी नाही म्हटलं होतं. कामाला आलेल्या माणसाला खोली कशाला, असं माझं मत. परवा यांच्या आक्का येऊन गेल्या, तेव्हा मानचिन्ह ठेवून घ्यावं असं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? म्हणून काल ती खोली बघायला गेलो. एक बाक, एक बेसिन, एक खिडकी. एक सिस्टर बूट काढून पाय वर करून बसली होती. मला बघून घाईघाईने उठायला लागली, आणि धन्यवाद म्हणाली. मला!" त्यांनी काखेतली गुंडाळी पुढे घेतली. "चाळीस वर्षं मुलांना दुसऱ्याच्या वहीतून उतरवलं म्हणून बाकावर उभं केलं मी."

त्यांनी कागद सोडवून मानचिन्ह कंडक्टरच्या हातात दिलं. "हे तुझं. नाव माझं आहे, पण मजकूर तुझा आहे." मग खिशातून अर्ज काढला, टेबलावर ठेवला आणि सगळ्यांदेखत सही केली.

आधी टाळ्या वाजवल्या त्या मोठ्या सिस्टरांनी. ग्रंथपालबाईंनी मात्र वाजवल्या नाहीत. "तुझ्याशी मी नंतर बोलते," त्या कंडक्टरला म्हणाल्या, आणि त्याने मान खाली घालून "हो" म्हटलं. संपादकबाई भराभरा लिहीत होत्या.

मास्तर अजून उभेच होते. प्रवासाने ते थकले होते, पण बसा म्हणायची कंडक्टरची आता हिंमत होत नव्हती. आक्का उठली. आपली खुर्ची तिने उचलली, लाऊडस्पीकरजवळ नेऊन ठेवली आणि मास्तरांच्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन म्हणाली,

"बसा मास्तर, निवांत बसा. या खुर्चीला बटण नाही."