खुर्चीची रांग

यास्नानं पांघरूण सेनोबियाच्या मांड्यांवर पसरलं, दोन्ही कडा खुर्चीत खोचल्या आणि दुकानाची काच सजवणाऱ्या बाईसारखी दोन पावलं मागे होऊन बघितलं. मग पुन्हा वाकून तिनं उजव्या पायावरचं पांघरूण जरा वर सारलं. बोटांपासून पोटरीपर्यंत गुंडाळलेली पांढरी पट्टी आता लांबूनही दिसत होती.

"हां. आता असाच राहू द्या पाय, सासूबाई. हलवू नका."

सेनोबियानं पाय हलवला नाही. पाच वर्षांची माइते आजीच्या मांडीवर चढून बसली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजली, की मी पण नाही हलवत. वाल्दोनं आईच्या चाकांच्या खुर्चीचे दांडे धरले आणि सगळे निघाले.

सीमाचौकीबाहेर शनिवारची रांग नेहमीसारखी इमारतीला वळसा घालून पार रस्त्यापर्यंत गेली होती. शनिवारी निम्मं आरिका शहर सीमेपलीकडच्या ताक्नाला निघतं. कुणाला दात करून घ्यायचे असतात, कुणाला चष्मा, कुणाला नुसतं पोटभर जेवायचं असतं. चिलीत ज्यांना हे परवडतं ते या रांगेत दिसत नाहीत. वाळवंटावरचं धुकं अजून उठलं नव्हतं, आणि माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभी होती. "जरा वाट द्या, आई आहे," म्हणत वाल्दो खुर्ची त्यांच्या शेजारून नेत होता आणि माणसं बाजूला सरत होती. काहीजण सेनोबियाकडे बघून मान लववत. पहिल्या शनिवारी त्या माना बघून तिला भरून आलं होतं.

शेअर टॅक्सीतला पाचवा उतारू त्यांच्यामागोमागच चालत होता. त्याच्या चष्म्याची काडी मोडली होती आणि ती चिकटपट्टीनं जोडलेली होती. खुर्चीबरोबर चार जण पुढे सुटले, तर पाचव्याला कोण अडवतं? आरिकेच्या स्टँडवरचे ड्रायव्हर आता या कुटुंबाला लांबून ओळखत. 'खुर्चीवाले माझ्याकडे' म्हणून आज दोघांत जुंपलीसुद्धा होती.

"चार तासांचं काम दहा मिनिटांत," चष्मेवाला खूश होऊन म्हणाला. "तुमच्या आई भाड्यानं मिळतात का हो?"

"शनिवारी बुक असतात," वाल्दो म्हणाला. "आज शेवटचा. बायकोचे दात बसले की यांना सुटी."

चष्मेवाला हसला. यास्नाही तोंडावर हात धरून हसली. तिच्या समोरच्या दातांच्या जागी अजून तात्पुरते दात होते.

खिडकीतल्या अधिकाऱ्यानं सेनोबियाचं कार्ड उलटंपालटं केलं आणि प्रवासाचं कारण विचारलं.

"बहीण," ती म्हणाली. "बहिणीला भेटायचंय."

मागे वाल्दो खोकला. शिक्का बसला.

तिची थोरली बहीण तोमासा ताक्नापासून वीस मिनिटांवर पोकोयायला राहायची. दोघी अकरा वर्षांत भेटल्या नव्हत्या. चिलीत पाऊल ठेवणार नाही असं तोमासानं तरुणपणीच ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवलेलं ती मोडत नसे. सेनोबियानं ताक्नाचं नाव काढलं की वाल्दो म्हणायचा, आई, तू या वयात चार तास रांगेत उभी राहशील का? ते खोटं नव्हतं. शिवाय सोमवार ते शुक्रवार माइते असायची, शनिवारी धुणं, रविवारी सगळ्यांचं जेवण. मग मार्चमध्ये ओल्या पायरीवरून घसरून तिचा घोटा मोडला. चर्चनं चाकांची खुर्ची दिली. एका संध्याकाळी वाल्दो तिच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, शनिवारी ताक्नाला येतेस का, मावशीला भेटशील. त्या रात्रीच्या जेवणाचे सगळे बटाटे तिनं प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून गाणं गुणगुणत सोलले होते.

पहिल्या खेपेला दातांचं काम लांबलं. दुसऱ्या खेपेला बुटांच्या दुकानात वेळ गेला. तिसऱ्या खेपेला वाल्दो म्हणाला की मावशीकडे असं घाईघाईत जाणं बरं दिसत नाही. परतताना सेनोबियाच्या पांघरुणाखाली दर वेळी काही ना काही असायचं. कधी चीजचा गोळा, कधी सॉसेजची माळ, तर कधी ऑलिव्हची पिशवी. सीमेवर हे सगळं काढून घेतात, पण पाय मोडलेल्या म्हातारीचं पांघरूण कुणी उचलत नाही. ते गार चीज मांडीवर घेऊन ती वाळवंट बघत यायची. पोकोयायचा फाटा मागे पडला की डोळे मिटून घ्यायची.

प्लास्टर निघून दोन आठवडे झाले होते. हाड छान जुळलंय, आता चालायला लागा, असं डॉक्टरनं तिला सांगितलं होतं. तिनं घरी येऊन सांगितलं की अजून दोन महिने तरी पाय टेकायचा नाही. खोटं बोलताना आपला आवाज जराही कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. चालणाऱ्या म्हातारीला कोण घेऊन जातं? सकाळी मुलगा-सून कामाला गेले की ती अंगणात कपड्यांच्या दोरीला धरून चालायची आणि माइते पावलं मोजायची. एकोणीस झाली की वळायचं, परत एकोणीस. बाबांना सांगायचं नाही का, असं माइतेनं एकदाच विचारलं होतं. नाही म्हटल्यावर तिनं ते गिळून टाकलं. पाच वर्षांच्या पोरीला ही गोष्ट किती सहज जमते, हे बघून त्या दिवशी सेनोबिया अर्ध्यातूनच परत खुर्चीत येऊन बसली होती.

ताक्नातल्या दातांच्या दवाखान्यात यास्नाला लगेच आत बोलावलं. वाल्दोनं खुर्ची पॅसेजमध्ये भिंतीशी लावली आणि पिशव्या दांड्यांना अडकवल्या.

"माइतेला भूक लागलीये. तिला चिकन खायला घालून आणतो. तासाभरात आलोच."

"मग तोमासाकडे जायचं ना?"

"आई, यास्नाचं तोंड सुजलेलं असेल. तिला तशी घेऊन गावभर फिरू का? बघू."

"आज शेवटचा शनिवार आहे, वाल्दो."

"अगं, पोकोयाय कुठं पळून जातंय?" त्यानं वाकून खुर्चीचा ब्रेक लावला, एकदा हलवून तो नीट बसल्याची खात्री केली आणि मुलीचा हात धरून निघाला. दारातून माइतेनं मागे वळून बघितलं. आजीकडं नाही, तिच्या पायाकडं.

आतून दात तासण्याच्या यंत्राचा आवाज येत होता. सेनोबियानं पांघरूण काढलं आणि चौकोनी घडी केली. पट्टी सोडून तिची गुंडाळी केली, ती घडीवर ठेवली. हातातल्या पिशवीच्या तळाशी, स्वेटरखाली, उजवा बूट होता. तो तिनं घरून निघतानाच घेतला होता.

काउंटरवरच्या मुलीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"पाय मोकळे करते जरा," सेनोबिया तिला म्हणाली. भिंतीला धरून दारापर्यंत तेवीस पावलं भरली.

तोमासाच्या अंगणाचं फाटक तेच होतं, फक्त रंग गेला होता. टॅक्सीवाल्यानं हात देऊन उतरवलं. चुलीशी पाठमोऱ्या बसलेल्या बाईनं वळून बघितलं नाही.

"तीन वेळा पिकान्ते रांधलं," ती म्हणाली. "गाईचे खूर उकळायला पहाटे उठले. तीन वेळा ते कुत्र्यानं खाल्लं. बघ कसा सुटलाय मेला."

कुत्रा खरंच सुटला होता. सेनोबियाला हसू आलं आणि हसताना तिचे डोळे भरले.

"आणि आज, ताई?"

"आज पण केलंय. त्याला सवय लागलीये ना." आता ती वळली. तिनं धाकटीला आधी केसांपासून पायांपर्यंत आणि मग पायांपासून केसांपर्यंत पाहिलं. "पाय मोडला होता ना तुझा?"

"मोडला होता."

तोमासानं पुढं काही विचारलं नाही. बाकावरची कोंबडी हाकलली, दोन ताटल्या मांडल्या, लाल रश्शाचं पिकान्ते वाढलं, पाव हातानं मोडला. त्याच्या आतून वाफ निघाली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. तोमासाची बोटं आता वाकडी झाली होती आणि अंगठी निघत नसावी. सेनोबियानं तो हात आपल्या हातात घेतला. तोमासानं घेऊ दिला. दुसऱ्या हातानं ती माश्या वारत राहिली.

फोन वाजला तो तोमासाचा. वाल्दोकडे हा नंबर होता. इतकी वर्षं त्यानं तो कधी लावला नव्हता, पण आज दुसरीकडं कुठं न शोधता पहिला इथंच लावला होता.

"आई? तू तिथं चालत गेलीस?"

"टॅक्सीनं आले."

सेनोबिया वाट बघत होती. पाय दुखतोय का, असं त्यानं विचारावं. नाहीतर निदान चिडावं, खोटारडी म्हणावं. त्याचीही तिनं उत्तरं तयार ठेवली होती.

"बरं, ते नंतर बोलू," वाल्दो म्हणाला. "आता सीमेवर काय करायचं ते सांग. यास्नाला उभं राहवत नाहीये. परतीची रांग रस्त्यापर्यंत गेलीये म्हणे."

सेनोबियानं ताटलीकडं बघितलं. रश्शावर तेलाची लाल साय धरत होती.

"खुर्ची आहे ना तिथं," ती म्हणाली. "बसा तुमच्यापैकीच कुणीतरी."

तिला वाटलं, आता तो फोन आपटेल. तो आपटला नाही. त्यानं फोनवर हात धरला असावा, पण नीट धरला नव्हता. तो यास्नाला काहीतरी विचारत होता. यास्नाचे शब्द भुलीमुळे जड येत होते, मी नाही, मला ओळखतात तिथले, असं काहीसं. मग ब्रेक निघाल्याचा खट् आवाज आला. तो आवाज सेनोबियाच्या ओळखीचा होता.

"माइते, इकडं ये. बस वर. पाय लांब कर. यास्ना, ती पट्टी दे."

"विचारलं तर काय सांगायचं, बाबा?"

"पडले म्हणायचं. पायरीवरून."

"रडू पण का?"

"रडलीस तर उत्तमच."

"पाय हलवायचा नाही," माइते म्हणाली. बाबांना शिकवल्यासारखी. "मला येतं ते."

सेनोबिया उभी राहिली. बाक मागे कलंडला, कुत्रा उठून दूर झाला.

"वाल्दो," ती फोनमध्ये म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिला उठव खुर्चीतून. पट्टी सोड तिची. मी येतेय."

"नक्की?" त्याच्या आवाजातला ताण एकदम उतरला. "मग लवकर ये हं, आई."

तिनं फोन तोमासाला दिला. तोमासानं सगळं ऐकलं होतं, तिला एका कानानं अजून लख्ख ऐकू येत होतं. तिनं दोन्ही ताटल्या उचलल्या. एकीतलंही काही कुणी खाल्लं नव्हतं. कुत्रा शेपटी हलवत पुढं आला, त्याला तिनं पायानं सारलं आणि सगळं रश्शासकट झाकणाच्या डब्यात ओतलं. वर पावाचा अर्धा तुकडा ठेवला, डबा फडक्यात बांधला आणि गाठ दातानं ओढून घट्ट केली.

"पोरीला खाऊ घाल. आवडेल तिला."

"मांस आहे, ताई. सीमेवर काढून घेतील."

तोमासानं डबा तिच्या हातात ठेवला. बाहेर टॅक्सी अजून उभीच होती, जणू ड्रायव्हरला हे आधीच माहीत असावं.

"पांघरुणाखाली ठेव," तोमासा म्हणाली. "तुझं कोण बघतंय?"