तुडवू नका

रस्ते विभागातल्या इंजिनिअरबाईंना सकाळपासून घास गिळवत नव्हता. कालव्याकाठची पायवाट पक्की करायला सरकारी निधी मिळणार होता, पण अट एकच: तपासणीच्या साहेबांना लोक तिथून चालताना, सायकली नेताना दिसले पाहिजेत. साहेब आज शाळा सुटायच्या वेळी येणार होते. आणि बाईंची लेक भिंगरी रोज त्याच वाटेने सायकलवरून घरी यायची. चिखल झाला की पोरं नाइलाजाने ट्रकच्या रस्त्याने जायची. मग लेक दिसेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला.

आता बाईंची हौस बघा! साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी त्यांनी गवत कापून घेतलं, मुरूम पसरला, पाणी मारून रोलर फिरवला. वर कुणी तुडवू नये म्हणून दोन्ही टोकांना दोरी बांधली. पाहुण्यांसाठी चादर बदलायची आणि घरच्यांना पलंगावर बसू द्यायचं नाही, त्यातली गत.

साहेब आले, वाटेच्या मध्यावर उभे राहिले. "छान आहे हो. पण इथून कुणी चालल्याची खूण कुठाय?"

वर्षानुवर्षं पायांनी पडलेला पट्टा बाईंनीच बुजवला होता. "येतील ना, साहेब. रोज रीघ लागते इथे."

शाळेची घंटा झाली. कुणीच येईना. साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाई, मी दिसेल तेच लिहिणार."

"थांबा हो जरा, हात जोडते."

तेवढ्यात पडीक जमिनीपलीकडून ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला. बाईंनी वळून बघितलं. सगळी पोरं ट्रकच्या रस्त्याने चालली होती, कडेच्या खडीतून, एकामागे एक. शेवटी पिवळं दप्तर. भिंगरी!

खड्ड्यात गेला निधी! बाई चप्पल तुटेस्तोवर धावल्या. ट्रक इतका जवळून गेला की भिंगरीची सायकल डगमगली. बाईंनी हँडल घट्ट धरलं.

"इकडून का आलीस? किती वेळा सांगितलंय तुला!" त्यांना रडूच फुटलं.

भिंगरी गोंधळली. "दोरी होती ना, आई. पोरं खालून वाकून जाणार होती, मीच अडवलं सगळ्यांना. म्हटलं, आईचं काम आहे, तुडवू नका."

बाईंनी सगळ्या पोरांना पडीक जमिनीतून वाटेकडे आणलं. पोरं काठावरच थांबली. मुरमाला चाक लागू नये म्हणून भिंगरीने तर सायकल उचलून धरली होती.

"खाली ठेव," बाई म्हणाल्या. "जा. तुडवा खुशाल."

भिंगरी निघाली आणि मागे सगळी झुंड. घटकाभरात ओल्या मुरमाची पार दैना झाली.

"आता लिहितो," साहेब हळूच म्हणाले. "त्या रस्त्यावर जे बघितलं, तेही लिहितो."

पिवळं दप्तर वळणाआड जाईपर्यंत बाई तिकडेच बघत होत्या.