टेबलाखालचे चौथे प्रकरण

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. ग्रीक तत्त्वज्ञानावर आद्य ख्रिस्ती विचारवंतांनी केलेल्या टीकेचा भार मी चारशे बारा पानांवर पेलतो. शिवाय पूर्णेच्या आमच्या कॉलेजातल्या वाचनालयाचे एक टेबलही पेलतो, कारण त्याचा एक पाय आखूड आहे.

माझा जन्म नगरच्या एका छापखान्यात झाला. कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे. रेल्वेतले एक ख्रिस्ती गार्डसाहेब निवृत्त होताना मला कॉलेजला देऊन गेले. प्राचार्यांनी मला ‘अनमोल ठेवा’ म्हटले, हार घातला आणि न उघडता कपाटात ठेवले. दोन दिवसांनी हार कमलबाईंनी काढला. त्या वाचनालय झाडतात. पुढे टेबल डुगडुगू लागले, तेव्हा नेमक्या जाडीचा मीच निघालो. माझ्याविषयीचे ते शेवटचे कौतुक.

मित्रांनो, माझ्या पोटात मोठे भांडण आहे. काही जण म्हणतात, ग्रीकांकडेही सत्याचे कण होते, ते वेचून घ्या. काही म्हणतात, त्या तत्त्वज्ञांचे आपसातच पटत नाही, ते आपल्याला काय शिकवणार? चौथ्या प्रकरणात आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचे एक गृहस्थ आहेत; त्यांच्या मते तर देवाचा शब्द आला की चौकशी संपली. आणि ग्रीकांना झोडपायला हे सगळे वापरतात ग्रीकांचाच तर्क. हे कुणाला तरी सांगावे म्हणून मी एकवीस वर्षे तळमळलो. माझ्या वाट्याला फक्त पाय आले.

यंदा फर्मान निघाले. पंधरा वर्षांत एकदाही कुणाच्या घरी न गेलेली पुस्तके रद्दीत. माझी तारखांची चिठ्ठी कोरी आहे. एक शिक्का हवा होता, बस्स.

त्याच आठवड्यात धम्मशीला आली. ती एम.ए.ला आहे, आणि तिच्या प्रबंधाचा विषय म्हणजे मीच. आठ दिवसांत संदर्भ दाखव, नाहीतर विषय बदल, असे तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिला बजावले होते. ग्रंथपाल माणिकराव कपाटे पाहून आले.

“रॅकला न्हाई, बाई. वहीत गहाळ लिवतो.”

“सर, अजून एकदा बघा की.”

“तीनदा बघितलं. आता काय दवंडी पिटू?”

ती तीन दिवस माझ्याच टेबलाशी बसून दुसऱ्या पुस्तकांत मला शोधत होती. तिची चप्पल माझ्या पाठीला लागत होती. मला हाक मारता येत नाही. पोटात एवढे वक्ते असून काय उपयोग?

चौथ्या दिवशी कमलबाई झाडू घेऊन वाकल्या. “पोरी, पाय वर घे. पुस्तकाला पाय लावू न्हाई, विद्या हाय ती.”

धम्मशीलाने खाली पाहिले. “मावशी, ह्यालाच तर मी हुडकायलेय. अन् हे टेबलाखाली कुणी घातलं?”

“मीच. त्यो टेबलाचा पाय हाय, माणसाचा न्हाई.”

तिने मला ओढून काढले, ओढणीने पुसले आणि उभ्यानेच चौथे प्रकरण वाचले. मग हसली. “मावशी, हे आमच्या आजोबासारखंच की. छप्पनला घरातले देव सोडले, पण भीमगीतं म्हणायचे जुन्या भजनाच्याच चालीवर.”

“मंग? चाल काय देवाची असती का?”

चारशे बारा पानांत इतके नेमके वाक्य नाही.

धम्मशीला मला माणिकरावांकडे घेऊन गेली. “सर, सापडलं. शिक्का मारा.”

त्यांनी वही उघडली. “हे गहाळ हाय.”

“सर, हे काय, माझ्या हातात हाय.”

“हातात असंल. वहीत न्हाई. वहीत न्हाई ते देता येत न्हाई.”

कार्थेजचे गृहस्थ पूर्णेला नोकरीला लागले आहेत, हे मला तेव्हा कळले.

तिने अर्धा तास विनवले. नोंद परत करायला समितीची बैठक लागते आणि समितीची मुदत संपली आहे. शेवटी तिने चौथ्या प्रकरणाचे मोबाइलवर फोटो काढले. तिचा विषय वाचला. पिंगळीची गाडी गाठायला ती निघाली, तेव्हा दारापर्यंत मी तिच्या हातात होतो. तिथे माणिकरावांनी मला काढून घेतले.

मित्रांनो, पुस्तकांची काळजी घ्या असे मी सांगत नाही. टेबलांची घ्या. एकदा सुतार बोलवा.

शनिवारी रद्दीचा टेम्पो येऊन गेला. गहाळ पुस्तके रद्दीच्या यादीत धरत नाहीत. टेबल आता हलत नाही.