अखंड लादी

ग्रॅनाइटच्या ओट्याला सांधा कुठे घ्यायचा, हे ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहूनच सांगायची. तेव्हा मोजमापाची यंत्रंबिंत्रं नव्हती. पुठ्ठा भिंतीला लावायचा, कडेकडेने कापायचा, त्यावर सिंक नि शेगडी पेन्सिलीने काढायची, की झालं. बहुतेक वेळा ती सांधा सिंकच्या मधोमध घ्यायची. तिथे दगड मुळातच कमी. पुढे चार बोटांची पट्टी, मागे तेवढीच. दोन्ही बाजूंचे ठिपके जुळवायचे, लेपात त्याच दगडाची भुकटी कालवून फट भरायची. वर नळ बसला की कोणाच्या बापाला कळायचं नाही.

या घरीही तिने तेच सांगितलं होतं. पण मालकीणबाईंनी नाक मुरडलं. "रेघ नको म्हणजे नको. शेजारणीच्या ओट्यावर आहे तेवढी पुरे."

"रेघ कशाला? एकच अखंड लादी देतो," दादू म्हणाला. दादू तिचा धाकटा भाऊ. कारखाना दोघांचा, पण बोलण्याचा मक्ता त्याचा.

"अरे, जिना बघितलास का?" ताईने खाली उतरताना विचारलं.

"ताई, तुला जेवणाच्या ताटातसुद्धा सांधा दिसतो."

ती नुसती हसली. शिवाय मालकीणबाईंना घरात धूळ नको होती, म्हणून सिंकचा चौकोनही दादूने कारखान्यातच कापून घेतला. अखंड लादी, आणि तिच्या पोटात भोक! उचलताना ती तिथेच तुटायची, हे ताईला दिसत होतं. पण पुन्हा बोललं तर म्हणेल, लागली कुरकुरायला.

लादी आडवी धरून जिन्याच्या वळणापर्यंत आली. वळणावर ती उभी केल्याशिवाय फिरेना. वरच्या पायऱ्यांवर ताईचा नवरा आणि कारखान्यातला हाडकुळा पैलवान दोर ओढत होते. त्याला पैलवान म्हणत ते चेष्टेनेच. खालून खांदा लावलेला दादू वळणाच्या कोपऱ्यात. त्याच्यामागे दोन पायऱ्या खाली ताई, हत्यारांची पिशवी घेऊन.

"हं, घ्या वर! पैलवान, सकाळी खाल्लंस ना काही?" दादू ओरडला.

तेवढ्यात खालचा कोपरा पायरीवरून घसरला.

आवाज फार मोठा झाला नाही. नुसतं खर्रर्र, आणि मग काहीच नाही. लादीचं वरचं टोक वरच्या जिन्याच्या कडेखाली अडकलं होतं, खालचं कोपऱ्यात रुतलं होतं. मधे, दगड आणि भिंतीच्या बेचक्यात, दादू. सिंकच्या चौकोनातून त्याचा चेहरा तेवढा दिसत होता, खिडकीतून डोकावल्यासारखा. रंग मात्र उडालेला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "छातीवर आहे गं."

ती दोन पायऱ्या चढून लादीशी आली.

"अहो, ओढू नका!" ती वर पाहून किंचाळली. "ओढलंत तर वर जास्त रुतेल. सोडूही नका! नुसता दोर ताणून धरा."

"किती वेळ?" नवऱ्याने वरून विचारलं.

"कठड्याला गुंडाळा. दोन वेढे द्या."

दगडातून टक् असा आवाज आला. पुढच्या पट्टीवर केसाएवढी रेघ उमटली होती. आपोआप तुटली, तर वरचा तुकडा कसा येईल याचा नेम नव्हता. दोर आत्ता ताणलेला आहे, तोवर आपणच तोडली तर? ताईने मनात ते भोक पुठ्ठ्यावर काढून पाहिलं. दोन्ही पट्ट्या मधोमध कापायच्या. वरचा तुकडा दोरावर लोंबकळेल, खालचा हलका होईल. होईल ना? की दोर निसटेल? विचारायला कोणी नव्हतं. ज्याला विचारायचं, तो त्या चौकोनात श्वास मोजत होता.

"बाई, विजेची वायर सोडा खाली! लांब असेल ती!"

मालकीणबाई वरच्या कठड्याशी थिजून उभ्या होत्या. त्या पळाल्या. कठड्याच्या फटीतून वायर सापासारखी खाली आली. ताईने पिशवीतलं ग्राइंडर जोडलं. पदराचं टोक पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवलं, फाडलं, आणि भोकातून हात घालून दादूच्या नाकातोंडावर दाबून बसवलं.

"डोळे मिट."

"ताई, चुकलं तर..."

"गप्प बस. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक."

चाक फिरलं. जिनाभर पांढरी भुकटी उडाली आणि दादूचा चेहरा दिसेनासा झाला. तेच तिला सहन होईना. ती दर थोड्या वेळाने चाक थांबवायची, "दादू?" म्हणायची, आतून "हं" आलं की पुन्हा सुरू करायची. मागची पट्टी तिने आधी कापली, पण शेवटचं बोटभर राखून ठेवलं. मग पुढची. दगडाची थरथर तिच्या कोपरांतून दातांत शिरत होती. एकदा थांबून तिने हाक मारली, आणि "हं" आलं नाही.

"दादू!"

काही नाही.

"दादू रे!"

"खोकला... दाबतोय," आतून आलं.

उरलेली पट्टी संपवून तिने ग्राइंडर डाव्या हातात धरलं, उजव्या हातात हातोडी घेतली. "अहो, आता येईल हं वजन!" मागच्या राखलेल्या बोटभर दगडावर एक ठोका. दुसऱ्याला लादी दुभंगली. वरचा तुकडा झोका खाऊन कठड्यावर आदळला, दोर करकरला, पैलवान देवाचं नाव घेत मागे रेलला. दोर टिकला. नवऱ्याने गाठ मारली, उडी टाकून खाली आला, आणि खालच्या तुकड्याला पाठ लावून त्याने तो भिंतीपासून हातभर ढकलला. दादू घसरत बाहेर आला आणि पायरीवर बसला. केस, भुवया, सगळं पांढरं. वरून खाली त्याने स्वतःला चाचपून पाहिलं. बरगडीशी हात येताच कळवळला, पण श्वास पुरता घेतला.

वरून मालकीणबाई रडवेल्या आवाजात विचारत होत्या, "लागलं का हो? डॉक्टर बोलावू का?"

"बोलवा," नवरा म्हणाला. मग तो ताईकडे वळला. ग्राइंडर अजून तिच्या मुठीत होतं, बंद. तो तिची बोटं एकेक करून सोडवू लागला. ती उघडेचनात.

"ताई," दादू म्हणाला, "डोळ्यात भुकटी गेलीय. जरा फुंकर मार गं."

ती त्याच्यापुढे बसली, त्याची पापणी वर धरली आणि ओठ पुढे केले. पण ओठ इतके थरथरत होते की फुंकर काही येईना. दादू डोळा उघडा ठेवून, न हलता, वाट पाहत राहिला.