वॉर्डात कोण आहे?

थोरल्या सिस्टरांनी पायांतले पांढरे बूट काढले, पिशवीत कोंबले आणि पिशवी वेचलेल्या कापसाच्या ढिगाखाली सारली. शेजारच्या सरीत डॉक्टरीणबाईही तेच करत होत्या. त्यांच्या मोज्याला भोक होतं, म्हणून जरा पाठमोऱ्या होऊन.

“झाले का सगळ्यांचे बूट काढून?” कोटासाहेबांनी बांधावरून विचारलं. “पांढरं काही दिसता कामा नये.”

“आणि साहेब, कापूस?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि चाळीस जणी खुदकन हसल्या.

साहेब हसले नाहीत. कोटासाहेब हे नाव त्यांना रुग्णालयातल्या बायकांनीच दिलं होतं. माणशी साठ किलोचा रोजचा कोटा, याखेरीज त्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दर वर्षी बोंडं फुटली की वरून हुकूम यायचा आणि अख्खं सरकारी रुग्णालय बसमध्ये बसून शेतावर यायचं. पलीकडच्या शेतात शाळामास्तर, त्याच्या पलीकडे टपालवाले. दोन महिने हेच. जो येणार नाही त्याची नोकरी जाणार, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण पाठ मात्र सगळ्यांना होतं.

यंदा गोष्ट जरा अवघड झाली होती. परदेशातल्या मोठ्या कापड कंपन्यांनी सांगून टाकलं होतं, की सरकारनं जुलमानं वेचून घेतलेला कापूस आम्हाला नको. आणि कामगारांच्या हक्कांसाठी देशोदेशी फिरणाऱ्या एका संस्थेची बाई आज शेतात येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती. म्हणून आजच्या दिवसापुरत्या या चाळीस जणी परिचारिका नव्हत्या, डॉक्टर नव्हत्या. राजीखुशीनं आलेल्या शेतमजूर होत्या.

“परत एकदा म्हणा. तुम्ही कोण?”

“शेतमजूर!”

“कुणी बोलावलं?”

“कुणी नाही!”

“मग का आलात?”

“आवड आहे म्हणून!”

“आवड नको, फार होतं ते. हाताला काम हवं म्हणून, असं म्हणा. आणि एकमेकींना सिस्टर म्हणायचं नाही. मावशी म्हणा, वहिनी म्हणा.”

“आणि डॉक्टरीणबाईंना?” धाकट्या सिस्टरनं विचारलं.

“जाऊबाई म्हणा.”

“अगं बाई, म्हणजे आता रोज भांडायला हवं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला.

थोरल्या सिस्टर हसल्या खऱ्या, पण त्यांचं अर्धं लक्ष सकाळपासून प्रसूतीच्या वॉर्डात होतं. अकरा खाटा, आणि सांभाळायला एकटी म्हातारी आयाबाई, जिला खाटेवरचा नंबर दिसायला खाटेला नाक लावावं लागायचं. मागच्या हंगामात एक बाई वॉर्डाच्या दारातच मोकळी झाली होती. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप होती, पण त्यात कुणाची हुशारी नव्हती, नशीब होतं. आणि नशिबाच्या भरवशावर वॉर्ड चालवायचा, ही कल्पनाच सिस्टरांच्या अंगावर काटा आणायची. पण बोलायचं कुणाजवळ? निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. राहायला दोन खोल्यांचं सरकारी घर होतं. तोंड उघडलं की नोकरी गेली, घर गेलं. त्यामुळे तीस वर्षं त्यांनी तोंड मिटून कापूस वेचला होता. जन्मभर कापूस जखमेला लावायचा आणि दोन महिने त्याच कापसापायी बोटांना जखमा करून घ्यायच्या, असं त्या नवऱ्याला म्हणत, तेवढंच.

गाडी आली. आधी पाहुणी उतरली. उंच, पिकल्या केसांची, हातात वही. मग दार धरून, तिरकी होत, जपून जपून तिची दुभाषी उतरली.

चाळीस जणींच्या नजरा एकदम दुभाषीच्या पोटाकडे गेल्या. मग पायांकडे. पाहुणीकडे कुणी बघितलंच नाही.

“पायांवर सूज आहे,” धाकटी कुजबुजली.

“वहिनी, गप,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या. पण त्यांनीही बघितलं होतं. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते.

पाहुणीनं तिघी-चौघींना प्रश्न विचारले. दुभाषी मध्ये थांबून दम घेत होती, पण भाषांतर चोख करत होती. शेतमजूर. कुणी बोलावलं नाही. हाताला काम हवं म्हणून. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येऊ लागला. मग पाहुणी थोरल्या सिस्टरांपुढे येऊन उभी राहिली आणि काहीतरी लांबलचक बोलली.

“त्या विचारतायत,” दुभाषी म्हणाली, “तुम्ही कामाला यायला नाही म्हटलं असतं, तर काय झालं असतं?”

हा प्रश्न तालमीत नव्हता. सिस्टरांनी साहेबांकडे बघितलं. साहेब रुमालानं मान पुसत होते.

“म्हणजे...” सिस्टर म्हणाल्या. आणि तेवढ्यात दुभाषीनं कपाळ दाबलं. “एक मिनिट हं. डोळ्यांपुढे जरा...”

पुढचं तिला बोलावं लागलंच नाही. ती खाली कोसळायच्या आत सहा हातांनी तिला झेललं होतं.

“डावी कूस! डाव्या कुशीवर घ्या!”

“पोती आणा, पाठीला लावा.”

“ओढणी धर गं, सावली कर.”

एरवी साठ किलो वेचायला ज्यांना दिवस पुरत नव्हता, त्यांनी अर्ध्या मिनिटात कापसाची खाट घातली. लॅबवाल्या ताईंनी पाण्याची बाटली पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी दुभाषीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. थोरल्या सिस्टर मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत होत्या.

“कितवा?”

“परवा आठवा लागेल.”

“पहिलंच? डोकं दुखतंय? डोळ्यांपुढे काजवे चमकतात?”

“सकाळपासून. मला वाटलं, उन्हानं.”

“जाऊबाई, यंत्र!” थोरल्या सिस्टर ओरडल्या. जाऊबाईंनी ढिगाखालून पिशवी ओढली, पांढरे बूट इकडेतिकडे भिरकावले आणि तळातून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. लोक शेतावर येताना जेवणाचा डबा आणतात. सिस्टरांनी हे आणलं होतं, सवयीनं.

कोटासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

“एकशे पन्नास, शंभर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दुभाषीचा गाल थोपटला. “घाबरू नकोस, पोरी. वेळेवर सापडलंय. चार दिवस देखरेखीखाली राहायचं, गोळ्या घ्यायच्या, बस्स. हिला आत्ताच्या आत्ता वॉर्डात न्यायला हवं.”

“हो, न्या न्या,” साहेब घाईनं म्हणाले. “गाडी आहेच. तिथं सोडा.”

“कुणाजवळ?” थोरल्या सिस्टरांनी विचारलं.

पाहुणी गुडघे टेकून दुभाषीशेजारी बसली होती. तिनं काहीतरी विचारलं.

“त्या म्हणतायत,” दुभाषी पडल्या पडल्या बारीक आवाजात म्हणाली, “ह्या सगळ्या बायका कोण आहेत? आणि वॉर्डात कोण आहे?”

सिस्टरांना घर आठवलं, तीन वर्षं आठवली. मग हाताखालची नाडी लागली, भरभर पळणारी. हिला आता काय सांगायचं, वॉर्डात सगळं ठीक आहे म्हणून? छे.

“सांग त्यांना,” त्या म्हणाल्या, “मी प्रसूती विभागाची मुख्य परिचारिका. ह्या डॉक्टरीणबाई. ह्या पलीकडच्या लॅबच्या. वॉर्डात कुणीही नाही, कारण वॉर्ड इथे आहे. दर वर्षी असतो. आणि नाही म्हटलं तर काय होतं, ते आम्हाला ठाऊक नाही. अजून कुणी म्हणून बघितलेलं नाही.”

दुभाषीनं शब्दन् शब्द सांगितला. पाहुणीनं ते लिहून घेतलं, वही मिटली आणि दुभाषीचा हात हातात घेतला.

गाडी बांधापाशी आणली गेली. साहेब सिस्टरांच्या जवळ सरकले.

“गाडीत एकच जागा आहे,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “तुम्ही जा, हिला पोचवा आणि लगेच परत या. संध्याकाळपर्यंत तुमचा कोटा...”

“नाही.”

शब्द इतका सहज निघाला, की सिस्टरांनाच नवल वाटलं. त्यांनी एकदा वर बघितलं. आभाळ काही कोसळलं नाही.

“नाही येणार परत,” त्या म्हणाल्या. “आज नाही आणि उद्याही नाही.”

“मीही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उकिडव्या बसून बूट चढवू लागल्या. आता भोक कुणीही बघावं. मग लॅबवाल्या ताई, मग फार्मसीवाली, मग सगळ्याच. सरीसरीतून चाळीस जणी आपापले बूट हुडकत होत्या, “हा माझा नव्हे गं,” “डावा कुठाय?” असा कालवा उठला.

साहेब हातातल्या हजेरीच्या कागदाकडे बघत राहिले. “मी वरती काय सांगू?”

“आम्ही नाही म्हटलं, असं सांगा.”

“तेवढंच?”

“तेवढंच. आणि बस बोलवा. मोठी.”

साहेबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, फोन काढला आणि बस मागवली. सिस्टर गाडीत बसून दार ओढणार, एवढ्यात ते पुन्हा धावत आले. पाहुणीला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीशी वाकले.

“सिस्टर, उद्या दवाखाना किती वाजता उघडेल?”

“का हो?”

“जिना चढलो की छातीत धडधडतं. मागच्या आठवड्यात येऊन गेलो होतो. आयाबाई म्हणाली, सगळे कापसाला गेलेत.”

सिस्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर नीट बघितलं.

“सातला या,” त्या म्हणाल्या. “उपाशीपोटी.”